आइसलँडमधील लोकरकाम आणि त्याची परिभाषा : 'वाद्मौल'पासून 'लोपापेय्सा'पर्यंत

मराठीत 'विणणे' हे क्रियापद फार मोठा प्रदेश व्यापून आहे. मागावर कापड विणले जाते, बाज विणली जाते, टोपली आणि जाळे विणले जाते, आणि दोन सुयांवर लोकरीचा स्वेटरही विणलाच जातो. या क्रियांची साधने, त्यांची गती आणि त्यांतून सिद्ध होणाऱ्या वस्तूंची रचना ही परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत. तरीही भाषेने त्यांना एकाच धातूखाली आणले आहे. उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या बेटाच्या भाषेत मात्र मागावरील विणाईसाठी 'वेवा' आणि सुयांवरील विणकामासाठी 'प्र्योना' अशी दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. पहिले क्रियापद भाषेइतकेच जुने आहे. दुसरे, त्या अर्थाने, पाचशे वर्षांहून फारसे जुने नाही. या दोन क्रियापदांच्या मध्ये त्या देशाच्या आर्थिक व कौटुंबिक जीवनातील एक मोठे स्थित्यंतर दडलेले आहे.

आज जगभर आइसलँडची ओळख म्हणून जो नक्षीदार गोल खांद्यांचा लोकरी स्वेटर दाखविला जातो, तो प्राचीन काळापासून चालत आलेला आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो विसाव्या शतकाच्या मध्यावर अस्तित्वात आला. मग त्या देशाच्या लोकरकामात परंपरा म्हणून जे काही आहे, ते नेमके कशात आहे? वस्त्राच्या आकारात, ते तयार करण्याच्या कृतीत, कच्च्या मालात, की केवळ शब्दांत? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सुमारे अकराशे वर्षांच्या इतिहासाचे समालोचन करणे आवश्यक आहे.

१. मेंढी आणि तिची लोकर

आइसलँडची वसाहत इ. स. ८७० ते ९३० या काळात झाली. वसाहतकरी मुख्यतः नॉर्वेतून आणि काही अंशी ब्रिटिश बेटांतून आले. त्यांनी आपल्या नौकांतून ज्या मेंढ्या आणल्या, त्या उत्तर युरोपातील आखूड शेपटीच्या जातीच्या होत्या. पुढे बेटाच्या एकाकीपणामुळे ही जात इतर जातींशी फारशी मिसळली नाही. तिच्या लोकरीला दोन थर असतात. बाहेरचा थर लांब, राठ आणि पाणी निथळून टाकणारा असून त्यास 'तोग' म्हणतात. आतला थर आखूड, मऊ आणि ऊब धरून ठेवणारा असून त्यास 'थेल' असे नाव आहे. जुन्या लोकरकामात हे दोन थर हातांनी वेगळे केले जात. तोगापासून शिवणाचा व भरतकामाचा दोरा, दोरखंड इत्यादी टिकाऊ वस्तू होत. थेलापासून अंगालगतचे कपडे आणि तलम शाली होत. सर्वसाधारण वापराच्या कपड्यांसाठी दोहोंचे मिश्रण वापरले जाई. या एका गोष्टीकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. कारण पुढे विसाव्या शतकात जो बदल घडला, त्याचे मूळ या वेगळेपणाचा लोप होण्यातच आहे.

लोकरीला आइसलँडिक भाषेत 'उल्ल' म्हणतात. गॉथिक 'वुल्ला', लॅटिन 'लाना' आणि संस्कृत 'ऊर्णा' हे सर्व शब्द एकाच मूळ भारत-युरोपीय शब्दाची अपत्ये आहेत. मागावरील विणाईचे 'वेवा' हे क्रियापदही तितकेच प्राचीन असून, कोळ्याचे वाचक असलेल्या 'ऊर्णवाभि' या संस्कृत शब्दाच्या उत्तरार्धात त्याच धातूचे रूप आढळते. लोकर आणि माग यांच्याविषयीचे हे शब्द वसाहतकऱ्यांनी मेंढ्यांबरोबरच आणले. सुयांवरील विणकामाचा शब्द त्यांच्याबरोबर आला नाही. कारण ती कलाच त्यांना ठाऊक नव्हती.

२. 'वाद्मौल' : कापड हेच चलन

मध्ययुगीन आइसलँडमधील लोकरीचे प्रमुख उत्पादन म्हणजे 'वाद्मौल' हे तिरप्या विणीचे कापड होय. 'वाद' म्हणजे कापड आणि 'मौल' म्हणजे माप. अर्थात 'मापाचे कापड'. हे नाव केवळ वर्णनात्मक नाही. ज्या देशात चांदीची चणचण होती आणि स्वतःचे नाणे नव्हते, तेथे विशिष्ट मापाचे व प्रतीचे हे कापड कायदेशीर चलन ठरले होते. 'ग्रागास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कायदेसंग्रहात त्याचे नियम आढळतात. सहा 'आलिन' लांबीचे कापड म्हणजे एक 'एयरिर' हा हिशेबाचा एकांक. आणि एकशेवीस आलिन म्हणजे एक 'हुंद्राद', जे साधारणपणे एका गाईच्या किमतीइतके धरले जाई. 'हुंद्राद' हा शब्द आपल्या 'शत' या शब्दाचा सगोत्र असला, तरी तेथील गणनेत त्याचा अर्थ शंभर नसून एकशेवीस असा होता, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास उद्बोधक वाटेल.

हे कापड उभ्या मागावर विणले जाई. ताण्याच्या दोऱ्यांना खाली दगडांची वजने बांधलेली असत, आणि विणणारी व्यक्ती उभी राहून, मागापुढे ये-जा करीत, बाणा वरच्या दिशेने ठोकीत असे. हे काम स्त्रियांचे होते. याचा अर्थ असा की देशाचे चलन ज्यांच्या हातून निर्माण होत होते, त्या हातांची मालकी स्त्रियांकडे होती. मात्र त्या चलनाच्या व्यवहाराची मालकी बहुतांशी पुरुषांकडे होती. मिशेल हेयर स्मिथ यांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पुरातत्त्वीय अवशेषांच्या आधारे या विषयाचे विस्तृत विवेचन आले आहे. त्या काळच्या कल्पनाविश्वातही मागाचे स्थान किती दृढ होते, हे 'न्याल्स सागा'मधील एका प्रसिद्ध काव्यावरून कळते. त्यात युद्धदेवता माणसांची मुंडकी वजनांच्या जागी लावलेल्या मागावर रणभूमीचे भवितव्य विणीत असल्याचे वर्णन आहे.

कापडाखेरीज लोकरीचे लांब पुंजके विणीत अडकवून केलेली केसाळ पांघरुणेही निर्यात होत. तेराव्या शतकातील इतिहासकार स्नोरी स्तुर्लुसोन याने नॉर्वेच्या राजांच्या चरित्रात एक कथा दिली आहे. पांघरुणांनी भरलेले एक आइसलँडिक गलबत नॉर्वेत आले असता तेथे त्यांना कोणी गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा राजा हाराल्ड याने व्यापाऱ्यांकडून एक करडे पांघरूण मागून घेऊन स्वतःच्या अंगावर घेतले. ते पाहून लोकांची इतकी झुंबड उडाली की माल पुरेना. राजाला 'करड्या पांघरुणाचा' हे उपनाम त्यावरून पडले, असे स्नोरी सांगतो. कथेचा तपशील कसाही असो, दहाव्या शतकातील या व्यापाराची आठवण तीनशे वर्षांनंतरही टिकून होती, एवढे तिच्यावरून सिद्ध होते.

चौदाव्या शतकात सुकविलेल्या मासळीला युरोपात मागणी वाढली आणि निर्यातीतील वाद्मौलचे अग्रस्थान गेले. घरगुती वापरासाठी ते पुढेही अनेक शतके विणले जात राहिले. तथापि लोकरीच्या निर्यातीला पुन्हा जोम आला तो एका निराळ्याच तंत्रामुळे.

३. सुयांचे आगमन आणि शब्दाची साक्ष

दोन किंवा अधिक सुयांवर टाके घेऊन विणण्याची कला आइसलँडमध्ये सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात आली असावी, असे मत राष्ट्रीय संग्रहालयातील वस्त्रविद्येच्या विख्यात अभ्यासक एल्सा गुद्योन्सोन यांनी मांडले. त्या काळी बेटावर इंग्रज, जर्मन व डच व्यापाऱ्यांचा राबता होता आणि त्यांपैकीच कोणाकडून ही विद्या आली असणे संभवते. दक्षिण किनाऱ्यावरील स्तोराबोर्ग या ठिकाणच्या उत्खननात सापडलेला एक विणलेला हातमोजा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानला जातो. देशातील विणकामाच्या सर्वांत जुन्या अवशेषांत त्याची गणना होते.

याचा अर्थ त्यापूर्वी लोक हातमोजे वापरीत नव्हते, असा नव्हे. पूर्व भागातील आर्न्हेदारस्तादिर येथे मिळालेला दहाव्या शतकातील हातमोजा एकाच जाड सुईने दोरा ओवून, वेढ्यांत वेढे गुंतवून केलेला आहे. दिसावयास ते काम सुयांवरील विणकामासारखे वाटते. परंतु त्यात दोऱ्याचा प्रत्येक तुकडा संपूर्णपणे वेढ्यातून ओढून घ्यावा लागतो, आणि म्हणून दोरा अखंड ठेवता येत नाही. नव्या तंत्रात दोरा अखंड राहतो, टाके सुईवर थांबून राहतात आणि कामाचा वेग अनेक पटींनी वाढतो.

येथे शब्दांची साक्ष मोलाची ठरते. हातमोज्याचे आजचे नाव 'वेत्लिंगुर' हे प्राचीन 'वोत्र' या शब्दापासून झाले आहे, आणि फ्रेंच भाषेत हातमोज्याला जो 'गाँ' शब्द आहे तो त्याच जर्मानिक शब्दाची उसनवारी आहे. मोज्याचे 'सोक्कुर' हे नाव लॅटिन 'सोक्कुस'वरून फार पूर्वी आलेले आहे. टाक्याला 'लिक्क्या' म्हणतात. त्याचा जुना अर्थ केवळ 'फास' किंवा 'वेढा' असा होता. म्हणजे वस्तूंची नावे जुनीच राहिली. बदलले ते क्रियापद. 'प्र्योन' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेत टाचणी अशा अर्थाने होता. स्कॉटलंडमध्ये टाचणीला जो 'प्रीन' शब्द आहे तो त्याचाच भाऊबंद होय. नव्या कलेतील साधनाला हेच नाव मिळाले आणि त्यापासून 'प्र्योना', म्हणजे शब्दशः 'सुयणे', हे क्रियापद रूढ झाले.

शेजारच्या भाषांशी तुलना केली असता या निवडीचे वैशिष्ट्य ध्यानात येते. इंग्रजी क्रियापदाच्या मुळाशी गाठ मारण्याची कल्पना आहे. जर्मन आणि डॅनिश क्रियापदे दोरखंडाच्या शब्दाशी निगडित आहेत. आइसलँडिकला सर्वांत जवळच्या असलेल्या फॅरो बेटांच्या भाषेत 'बिंदा', म्हणजे 'बांधणे', हे जुने क्रियापद या नव्या कामाला लावले गेले. इतर भाषांनी दोऱ्याचे काय होते ते पाहिले. आइसलँडिकने हातात काय धरले जाते ते पाहिले. बेट राजकीयदृष्ट्या डेन्मार्कच्या अधीन असूनही डॅनिश क्रियापद तेथे रुजले नाही, ही गोष्ट कलेचा प्रसार प्रशासनाच्या मार्गाने न होता बंदरातून घरोघर झाला असावा, या तर्काला पोषक आहे. शब्दाची साक्ष एकटी पुरेशी नसते हे खरे. परंतु उत्खननातील अवशेष आणि व्यापाराचा इतिहास यांच्याशी ती येथे सुसंगत आहे.

४. मोज्यांचा व्यापार आणि हिवाळ्यातील रात्री

नवी कला किती झपाट्याने पसरली, हे निर्यातीच्या आकड्यांवरून स्पष्ट होते. इ. स. १६२४ मध्ये ७२,००० हून अधिक मोज्यांचे जोड आणि सुमारे १२,००० हातमोज्यांचे जोड देशाबाहेर गेले. १७४३ मध्ये ही संख्या अनुक्रमे २,००,००० आणि १,१०,००० यांच्याही पुढे गेली. अठराव्या शतकातील आइसलँडची एकूण लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. तान्ह्या मुलांपासून वृद्धांपर्यंत प्रत्येक माणशी वर्षाला चार जोडांहून अधिक मोजे केवळ परदेशी विक्रीसाठी विणले जात होते. घरच्या गरजेचे विणकाम त्याहून वेगळे होते. विक्रीच्या या मालाला 'प्र्योनलेस' असे स्वतंत्र नावच पडले होते.

या प्रसाराची कारणे तंत्रातच होती. उभा माग जागा अडवितो, त्याला उजेड लागतो आणि विणणाऱ्याला तासन् तास उभे राहावे लागते. सुयांना यातले काहीच लागत नाही. अंधुक प्रकाशात, बसून, चालताना, घोड्यावरून जातानाही विणता येते. काम अर्धवट ठेवून पुन्हा हाती घेता येते. शिवाय मागावरचे काम स्त्रियांपुरते मर्यादित होते. सुयांवरचे काम स्त्री, पुरुष, मुले, म्हातारी माणसे असे सर्वजण करीत. लोकरकाम हे एका वर्गाचे कौशल्य न राहता सबंध घराचा उद्योग बनले.

या उद्योगाची जागा म्हणजे शेतघरातील 'बाद्स्तोवा' ही झोपण्या-बसण्याची सामाईक खोली, आणि त्याची वेळ म्हणजे 'क्वोल्दवाका', अर्थात हिवाळ्यातील 'सायंजागर'. दिवस अवघा चार-पाच तासांचा असताना दिव्याभोवती सारे घर जमे. कोणी लोकर पिंजी, कोणी चातीवर सूत काती, कोणी विणी. आणि एकजण मोठ्याने सागा वाची किंवा 'रीमुर' ही दीर्घ कथनकाव्ये विशिष्ट चालीवर गाई. शेवटी घरगुती प्रवचनसंग्रहातील वाचन होई. लेन्टच्या उपवासकाळात हाल्ग्रीमुर पेतुर्सोन याची पन्नास 'क्लेशगीते' गाण्याचा प्रघात होता. ती १६६६ मध्ये छापली गेली. मध्ययुगीन गद्य वाङ्मय सामान्य शेतकऱ्यांच्या ओळखीचे राहिले, त्यात या जागराचा वाटा मोठा आहे. हात गुंतलेले आणि कान मोकळे, अशी कामाची रचना असल्यामुळे श्रवणाला दररोज काही तास निश्चितपणे मिळत होते.

तथापि या चित्राला केवळ रम्य मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १६०२ पासून १७८७ पर्यंत बेटाचा सर्व परदेशी व्यापार डॅनिश मक्तेदारीखाली होता. मोज्यांचा भाव दरपत्रकाने ठरे आणि दुसरीकडे माल विकण्यास बंदी असे. घरांतर्गत व्यवस्थाही समतेची नव्हती. 'विस्तारबांद' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेशीर बंधनानुसार ज्याच्याकडे जमीन नाही त्याने वर्षभराच्या कराराने कोणा ना कोणा शेतकऱ्याच्या घरी चाकरीस राहणे सक्तीचे होते. हे बंधन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैल झाले. तोवर सायंजागरात विणलेले मोजे बहुधा विणणाऱ्याचे नसत. ते घरमालकाचे असत. ज्या रात्रींनी वाङ्मय जपले, त्याच रात्रींनी चाकरांचे श्रम मालकाच्या खात्यात जमा केले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

विणून झालेला माल पुढे आटविला जाई. कोमट पाण्यात भिजवून, हातांनी चोळून, पायांनी तुडवून लोकरीचे तंतू एकमेकांत घट्ट बसविले जात. त्यामुळे मोजे व हातमोजे आकाराने बरेच लहान, पण दाट आणि वाराबंद होत. लोकर धुण्यासाठी साठविलेले मूत्र वापरण्याची पद्धत होती, कारण त्यातील अमोनिया लोकरीचा मेद काढून टाकतो. मच्छीमारांच्या हातमोज्याला दोन अंगठे असत. वल्ह्याने व दोरीने तळव्याची बाजू झिजली की हातमोजा फिरवून दुसरा अंगठा वापरावयाचा, अशी ही योजना होती. कातड्याच्या किंवा माशाच्या कातडीच्या जोड्यांत घालावयाचे विणलेले तळवेही असत, आणि जोड्यात झाकल्या जाणाऱ्या या वस्तूंवर रंगीत नक्षी काढण्यात स्त्रियांनी विशेष कौशल्य वेचले. घरगुती वस्तू आणि 'प्र्योनलेस' यांतील हे अंतर बोलके आहे. विक्रीच्या मालात संख्या महत्त्वाची होती. जोड्याच्या आतील नक्षीला दरपत्रकात स्थान नव्हते.

५. सुधारणेचे प्रयत्न आणि त्यांची किंमत

अठराव्या शतकाच्या मध्यावर स्कूली माग्नूसोन या पहिल्या आइसलँडिक राजकोषाधिकाऱ्याच्या पुढाकाराने रेक्याविक येथे कारखाने उभारण्यात आले. कताई, विणाई, कापड आटविणे, रंगाई असे विविध विभाग त्यांत होते. रेक्याविक हे नगर म्हणून वाढू लागले ते या उद्योगापासूनच. या काळात चरखा आणि आडवा माग यांचा प्रसार सुरू झाला. कच्चा माल तलम व्हावा या हेतूने परदेशी मेंढे आणविण्यात आले आणि त्यांच्याबरोबर १७६१ च्या सुमारास खरजेची साथ आली. देशातील निम्म्याहून अधिक मेंढ्या तिच्यात गेल्या. अखेर रोगट कळप मारून टाकूनच ती आटोक्यात आली. पाठोपाठ १७८३ मध्ये लाकी येथील ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यातून निघालेल्या विषारी वायूंनी व फ्लोरिनने कुरणे दूषित झाली, सुमारे ऐंशी टक्के मेंढ्या मेल्या आणि त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे एकपंचमांश लोक मृत्युमुखी पडले.

विसाव्या शतकातही या अनुभवाची पुनरावृत्ती झाली. १९३३ मध्ये कोकरांच्या मौल्यवान कातड्यासाठी जर्मनीतून वीस काराकुल मेंढ्या आणण्यात आल्या. वरवर निरोगी दिसणाऱ्या या जनावरांनी फुप्फुसांचा व मज्जासंस्थेचा रोग आणला. शेकडो वर्षे एकाकी राहिलेल्या स्थानिक मेंढ्यांना त्याचा प्रतिकार करता आला नाही. अनेक जिल्ह्यांतील कळप समूळ मारून निरोगी भागांतील कोकरांपासून नव्याने वाढवावे लागले. या रोगाच्या अभ्यासातून ब्यॉर्न सिगुर्दसोन यांनी १९५४ मध्ये 'मंदगती संसर्ग' ही संकल्पना मांडली आणि ती पुढे विषाणुशास्त्रात मान्यता पावली. लोकरीच्या इतिहासाच्या दृष्टीने यातील तात्पर्य असे की मेंढीची जात टिकून राहिली ती केवळ एकाकीपणामुळे नव्हे. ती तीन वेळा विनाशाच्या काठावर आली आणि प्रत्येक वेळी निर्णय घेऊन, किंमत मोजून वाचविली गेली.

६. 'पेय्सा' : एका शब्दाचे तीन अर्थ

जुन्या काळी सामान्य माणसाचे कपडे न रंगविलेल्या लोकरीचे असत. पांढरी, करडी, तपकिरी आणि काळी अशा नैसर्गिक रंगांची लोकर मिसळून छटा साधल्या जात. सामान्य जनतेला उद्देशून आइसलँडिकमध्ये 'मेंढीसारखी काळी रयत' असा वाक्प्रचार आहे. त्यातील काळेपणा कातडीचा नसून कपड्यांचा आहे. रंगविलेले कापड श्रीमंतांचे, आणि मेंढीच्या अंगावरचा रंग तसाच माणसाच्या अंगावर हे गरिबीचे चिन्ह, असा सामाजिक अर्थ त्यात साठविलेला आहे.

'पेय्सा' हे आरंभी पुरुषांच्या विणलेल्या बंडीचे नाव होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांनी ही काळी बंडी आणि गोंड्याची विणलेली टोपी आपल्या वेशात घेतली आणि त्या वेशाला 'पेय्सुफोत', म्हणजे 'पेय्साचा पोशाख', असे नाव पडले. पुढे बंडी विणण्याऐवजी तलम कापडाची शिवली जाऊ लागली; टोपी लहान होत होत डोक्यावरील चकतीएवढी झाली. पण नाव तेच राहिले. एकोणिसाव्या शतकात स्वराज्याच्या चळवळीबरोबर वेशभूषेला राष्ट्रीय अर्थ प्राप्त झाला. चित्रकार सिगुर्दुर गुद्मुन्दसोन याने १८५७ मध्ये स्त्रियांच्या पोशाखाच्या इतिहासावर लेख लिहून जुन्या वेशाच्या त्यागाबद्दल खंत व्यक्त केली आणि नंतर स्वतः नव्या समारंभीय पोशाखाची रचना केली. परंपरेच्या रक्षणासाठी केलेली ही रचना नवीनच होती. हाच क्रम पुढच्या शतकात स्वेटरच्या बाबतीत पुन्हा घडावयाचा होता.

७. 'लोपापेय्सा'

१८९६ मध्ये आउलाफोस येथे आणि लवकरच आकुरेरी येथे लोकरीच्या गिरण्या निघाल्या. शेतकरी आपली लोकर तेथे पिंजावयास देत आणि पिळ न दिलेले जाड, पोकळ पेळू घरी आणून कातीत. या पेळवाचे नाव 'लोपी'. यंत्र तोग आणि थेल वेगळे करीत नसल्यामुळे लोपीत दोन्ही थर एकत्र राहतात. सूत कातण्याची पायरीच गाळून सरळ लोपीनेच विणण्याचा प्रयोग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत घरगुती विणकामाच्या यंत्रांवर सुरू झाला आणि त्यानंतर हातसुयांवर आला. गृहोद्योगांच्या प्रसारासाठी हाल्दोरा ब्यार्नादोत्तिर यांनी १९१७ पासून चालविलेल्या 'ह्लीन' या वार्षिकाने अशा नव्या पद्धती खेडोपाडी पोहोचविण्याचे काम केले. न पिळलेला पेळू हातात सहज तुटतो. पण एकदा विणला गेला की तंतू एकमेकांना धरून ठेवतात, आणि आत साठलेल्या हवेमुळे वस्त्र हलके व उबदार होते.

गळ्याभोवती समकेंद्र वर्तुळांत नक्षी असलेला, शिवणीविना गोलाकार विणलेला स्वेटर शतकाच्या मध्यावर दिसू लागला. त्याच्या जनकत्वाविषयी अनेक दावे आहेत. ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या मण्यांच्या रुंद गळपट्ट्याशी त्याचे साम्य आहे. १९३९ ते १९६९ या काळात स्वीडनमध्ये कार्य करणाऱ्या बोहुस विणकाम संस्थेचे गोल खांद्यांचे स्वेटरही त्याच सुमारास प्रसिद्ध होते. नोबेल पारितोषिक विजेते कादंबरीकार हाल्डोर लाक्सनेस यांच्या पत्नी ओय्दुर लाक्सनेस यांचे नावही आद्य रचनाकारांत घेतले जाते. आउस्दिस योएल्सदोत्तिर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनग्रंथात या घडणीचा तपशीलवार मागोवा घेतला आहे. हा आकार कोणा एका व्यक्तीची निर्मिती नसून परदेशी नमुने, गिरणीतील लोपी आणि घरोघरचे विणकामाचे कौशल्य यांच्या संयोगातून तो सिद्ध झाला, असे मानणे युक्त होईल.

या वस्त्राचे पुढील आयुष्य बाजाराशी बांधले गेले. विणणाऱ्या स्त्रियांनी आपल्या मालाला योग्य मोबदला मिळावा म्हणून १९७७ मध्ये हातविणकामाचा संघ स्थापन केला. १९९१ मध्ये आउलाफोसची कंपनी बुडाली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या 'ईस्टेक्स' या कंपनीने लोपीचे उत्पादन पुढे चालविले. २००८ च्या आर्थिक कोसळणीनंतर हातविणकामाला पुन्हा बहर आला. त्याबरोबर आइसलँडिक लोकरीचे पण परदेशात स्वस्त मजुरीने विणलेले स्वेटर रेक्याविकच्या दुकानांत दिसू लागले आणि वाद उभा राहिला. अखेरीस २०२० मध्ये 'इस्लेन्स्क लोपापेय्सा' या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. आइसलँडिक मेंढीची लोकर, नक्षीदार गोल खांदा, शिवणीविना गोल विणाई आणि देशातच हातांनी केलेले काम या त्यातील प्रमुख अटी आहेत.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी देता येते. आइसलँडच्या लोकरकामात वस्त्राचा आकार स्थिर राहिला नाही. कृती दोनदा मुळापासून बदलली. बाजारपेठ तर सतत बदलत गेली. अखंड राहिली ती मेंढी, आणि तिच्या दुहेरी लोकरीतून थंडी व ओल यांना तोंड देणारे वस्त्र मिळविण्याची गरज. शब्दांनी या बदलांवर सातत्याचे आवरण घातले. 'सोक्कुर', 'वेत्लिंगुर', 'पेय्सा' ही नावे टिकली म्हणून वस्तूही टिकल्या, असा भास होतो. शब्दावरून इतिहास लिहिणाऱ्याने येथे सावध राहिले पाहिजे. क्रियापद बदलते तेव्हा ते कृतीतील क्रांतीची नोंद करते. नाम टिकते तेव्हा ते पुष्कळदा केवळ गरजेच्या सातत्याची नोंद करीत असते.

दुसरी गोष्ट श्रमाच्या मूल्याविषयीची आहे. वाद्मौल विणणारी स्त्री, मक्तेदारीच्या काळातील चाकर आणि आजची स्वेटर विणणारी गृहिणी या तिघांपुढे एकच प्रश्न होता : हातांनी घातलेल्या वेळाची किंमत कोण ठरविणार? मध्ययुगात ती कायद्याने ठरली, मक्तेदारीत दरपत्रकाने, आणि अलीकडे परदेशी मजुरीच्या दराने ती खाली ओढली जाऊ लागली. २०२० च्या संरक्षणाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. एका सत्तर-ऐंशी वर्षांच्या वस्त्राला प्राचीनत्वाचा मान देणे हा त्याचा अर्थ नव्हे. ज्या हातांनी ते वस्त्र घडते, त्या हातांचा नावावरील हक्क मान्य करणे हा त्याचा अर्थ आहे. आणि आइसलँडच्या लोकरकामाच्या इतिहासात असा हक्क लेखी स्वरूपात विणणाऱ्याच्या पदरात क्वचितच पडलेला आहे.